उंबऱ्यावरचा कंगाल

आमच्या कुत्र्याच्या जातीचं नाव ऐकलं की लोक आधी हसतात. कंगाल. हा शब्द मराठीत आहे, उर्दूतही आहे, आणि दोन्हीकडे अर्थ एकच. महिनाअखेरीस माझे मिस्टर म्हणतात, नाव त्याचं आणि हालत आपली. खरं तर हे एका ठिकाणाचं नाव आहे. तुर्कस्तानातल्या सिवास प्रांतात कांगाल म्हणून भाग आहे. तिथले मेंढपाळ लांडग्यांपासून कळप राखायला हे कुत्रे पाळत आले. लांडगा गळा धरतो, म्हणून कुत्र्याच्या गळ्यात बाहेरच्या बाजूला खिळे असलेला लोखंडी पट्टा घालायची तिथली रीत. मातकट पिवळा रंग, काळं तोंड, काळे कान, पाठीवर वळलेली शेपटी.

आमचा शेरू खांद्याजवळ अडीच फूट उंच आहे. मागच्या वेळी दवाखान्यात काट्यावर चढवला तेव्हा ५५ किलो भरला. ज्याने दिला त्या हैदराबादच्या माणसाने कंगाल सांगितलं, आम्ही कंगाल मानलं. आपल्याकडे अशा कुत्र्यांच्या कागदांवर फार भरवसा ठेवू नये. पण स्वभाव बघितला तर नाव खोटं नसावं.

त्याला आणलं माझ्या सासऱ्यांनी, २०१९ मध्ये. कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराकडच्या बाजूला आमचं शेत आहे. अब्बांच्या तिथे तीसेक बकऱ्या होत्या. गौताळा अभयारण्य, म्हणजे बिबट्या आलाच. शेजारच्या वस्तीवरच्या दोन बकऱ्या एका महिन्यात गेल्या, तेव्हा अब्बांनी कुणाकुणाला फोन करून हे पिल्लू मिळवलं. दोन महिन्यांचं होतं. घरात न आणता त्यांनी ते थेट करडांच्या कुडात सोडलं. मला वाईट वाटलं होतं, एवढंसं पिल्लू, एकटं. पण कामाची रीत तीच. पहिल्या चार महिन्यांत ज्यांच्या अंगाचा वास पिल्लाच्या नाकात बसतो, त्यांनाच ते पुढे आपलं मानतं. माणसांच्या मांडीवर वाढलं तर माणसं राखेल, बकऱ्यांत वाढलं तर बकऱ्या.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण पुष्कळ लोक अल्सेशियन बघून सगळ्या मोठ्या कुत्र्यांचा अंदाज बांधतात. अल्सेशियन हुकुमाचा ताबेदार असतो. मेंढ्या हाकणारा कुत्रा धावतो, वळवतो, मालकाच्या शिट्टीकडे कान ठेवतो. राखणीचा कुत्रा यातलं काहीच करत नाही. तो उंचवट्यावर पडून राहतो. बघणाऱ्याला वाटतं, आळशी आहे. दिवसभर डोळे अर्धे मिटलेले, आणि सूर्य मावळला की उठतो, कुंपणाला फेरी मारतो, जागोजागी मुततो आणि भुंकायला लागतो. ते भुंकणं म्हणजे आरडाओरडा नसतो, निरोप असतो: मी इथे आहे, तू दुसरीकडे जा. निरोप ऐकला नाही तर तो मधे जाऊन उभा राहतो. चावणं सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं तो स्वतःच्या अकलेने ठरवतो, तुम्हाला विचारत नाही. शेरूला मी 'बैठ' म्हटलं तर तो माझ्याकडे बघतो, विचार करतो आणि बहुतेक वेळा उभाच राहतो. वर्गात अशी दोन-तीन मुलं दरवर्षी असतात.

शेरू आल्यानंतर आमच्या गोठ्यातली बकरी गेली नाही. बिबट्या मेला असंही नाही, तो डोंगरात होताच. अब्बांना याचंच कौतुक होतं. आफ्रिकेत नामिबियामध्ये 'चीता कन्झर्वेशन फंड' ही संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना याच जातकुळीचे कुत्रे देत आली आहे. शेळ्या-मेंढ्या सुरक्षित राहिल्या की शेतकरी चित्त्याला गोळी घालत नाही, एवढा साधा हिशोब. २०२२ मध्ये कुनोला चित्ते आले तेव्हा टीव्हीवर नामिबियाचं नाव आलं आणि मी अब्बांना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मतलब कुत्ता दोनों का चौकीदार है, बकरी का भी और शेर का भी."

त्याच वर्षाच्या हिवाळ्यात अब्बा गेले. बकऱ्या विकल्या, शेत धाकट्या दिरांकडे राहिलं. ते दिवसा शेतात, रात्री कन्नड गावात. अम्मी आमच्याकडे पडेगावला राहायला आल्या आणि शेरूचा प्रश्न आला. राखायला बकऱ्या नाहीत, रात्री वस्तीवर माणूस नाही. त्याला साखळीने झाडाला बांधून दिवसातून एकदा भाकर टाकणं हा एक मार्ग होता, आणि पुष्कळ ठिकाणी तेच होतं. मिस्टर त्याला टेम्पोत घालून औरंगाबादला घेऊन आले. (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, कागदावर मी तेच लिहिते, घरात तोंडातून जुनंच निघतं.)

अम्मींनी पहिल्या संध्याकाळी एकच वाक्य म्हटलं. "घर में कुत्ता, तो फरिश्ते कैसे आएंगे?"

या प्रश्नाला मी हसत नाही, आणि हसणाऱ्यांचा मला राग येतो. हदीस आहे, आणि अम्मींनी ती लहानपणापासून ऐकलेली आहे. कन्नडच्या शेतावर त्यांनी कधी हरकत घेतली नव्हती, कारण शेत, कळप आणि शिकार यांच्यासाठी कुत्रा ठेवायची मोकळीक हदीसमध्येच आहे. त्याखेरीज कुत्रा पाळणाऱ्याच्या नेकीतून रोज एक किरात कमी होतो, काही रिवायतींत दोन. अम्मींचा मुद्दा अगदी वकिली होता: शेत सुटलं, कळप विकला, मग मोकळीक कशाच्या जोरावर?

मी आलिमा नाही, उर्दू आणि मराठी शिकवते. पण मोहल्ल्यातल्या मौलानांना आम्ही विचारलं आणि थोडं मीही वाचलं. आपल्या हनफी मसलकात कुत्र्याची लाळ नापाक आहे. पण फतवा ज्या मतावर आहे त्यानुसार त्याचं अंग डुकरासारखं मुळातच नापाक नाही. कोरड्या कपड्याला कोरडा कुत्रा घासून गेला तर कपडा बदलावा लागत नाही. भांड्याला तोंड लावलं तर तीनदा धुणं जरुरी, सातदा धुणं बेहतर. कोकणातले आपले शाफई भाऊबंद यात कडक आहेत, सात वेळा आणि त्यात एकदा माती. मालिकी इमामांच्या मते तर कुत्रा पाकच, भांडं धुवायचं ते हुकूम म्हणून. आणि चोरांची भीती असेल तर घराच्या राखणीला कुत्रा ठेवायला हनफी फतव्यांच्या जुन्या किताबांत परवानगी आहे. पडेगावला आमच्या दोन्ही बाजूंना प्लॉट मोकळे आहेत आणि गल्लीत दोनदा चोरी झालेली आहे. मौलानांनी हे ऐकून घेतलं, चहा घेतला आणि म्हणाले, आत नको, बाहेर ठेवा, आणि भुकेला ठेवू नका.

अम्मींनी निर्णय दिला. शेरू उंबऱ्याच्या आत येणार नाही, आणि उंबऱ्याबाहेरून त्याला कोणी हलवणार नाही. त्याचं घमेलं वेगळं, त्याला हात लावायचा जुना कुर्ता वेगळा, तो खुंटीवर. जानमाजची खोली मागे. गेली अडीच वर्षं हे असंच चाललं आहे. पहिले काही आठवडे त्याने पाय आत टाकून बघितला, अम्मींनी "ए!" म्हटलं की पाय मागे. माझं 'बैठ' न ऐकणारा प्राणी त्यांचं ऐकतो, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

एका जुम्म्याला अम्मी नेहमीप्रमाणे सूरह कहफ वाचत होत्या. गुहेत झोपलेल्या त्या तरुणांची गोष्ट, आणि त्यांच्यासोबतचा कुत्रा, पुढचे दोन पाय पसरून गुहेच्या उंबऱ्यावर. गुहेत किती जण होते, यावर लोक अंदाज बांधतात तेव्हा दरवेळी कुत्र्यालाही मोजलं जातं. अम्मी ही सूरह पन्नास वर्षं वाचत आहेत. वाचून झाल्यावर त्यांनी दाराकडे बघितलं. शेरू त्याच पद्धतीने पसरला होता. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

भाषा शिकवणारीला आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत जनावरांना शिकार शिकवणाऱ्यांसाठी जो शब्द आहे, 'मुकल्लिबीन', तो 'कल्ब' म्हणजे कुत्रा यावरूनच आलेला आहे. आणि दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये इब्न अल-मर्झुबान नावाच्या लेखकाने एक छोटं पुस्तक लिहिलं, त्याचं नावच असं की कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्रे बरे. हे नाव मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा दोन सहकाऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं.

गल्लीतली मुलं सुरुवातीला फाटकातून खडे मारायची. त्यातला एक माझ्याच शाळेचा. विचारलं तर म्हणाला, "मिस, वो नापाक है ना." मी त्याला म्हटलं, तुझ्या लहान भावाचं मूतही नापाक आहे, त्याला खडे मारतोस का? नापाक हा शब्द आपल्या कपड्यांबद्दल आहे, त्याच्या जिवाबद्दल नाही. ज्या नबींनी भांडं धुवायला सांगितलं, त्यांनीच त्या बदनाम बाईची गोष्ट सांगितली, जिने विहिरीतून बुटात पाणी काढून तहानेल्या कुत्र्याला पाजलं आणि तेवढ्यावर तिला माफी मिळाली. पहिली हदीस मोहल्ल्यातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. दुसरी मला सांगावी लागते. मराठीच्या तासाला मी नामदेवांची गोष्ट सांगते, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारे नामदेव. ते आपल्याच मराठवाड्यातले, हिंगोलीजवळच्या नर्सीचे. उर्दूच्या तासाला पतरस बुखारींचा 'कुत्ते' सांगितला की वर्ग हसून लोळतो. माझ्या मते दोन्ही तास लागतात.

पाण्यावरून आठवलं. या शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे बाहेरच्यांना सांगितलं तर खोटं वाटतं. जायकवाडी एवढं जवळ, आणि आमच्या घरात ड्रम मोजून वापरतात. मे महिन्यात शेरूला दिवसाला पाच-सहा लिटर लागतं. त्याची केसांची दुहेरी झूल उन्हाळ्याच्या तोंडावर इतकी गळते की अंगण पिंजाऱ्याच्या दुकानासारखं दिसतं. शेजारी म्हणतात, चकोट करा, गार वाटेल. करायचं नाही. तेच केस ऊनही अडवतात. त्याऐवजी कडुलिंबाखालची जमीन संध्याकाळी ओली करायची, तो ती उकरून पोट टेकवून पडतो. कपडे धुतलेलं शेवटचं पाणी त्या जमिनीला. सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर फिरवणं, मधे नाही. डांबर तापलेलं असतं, पंजे भाजतात.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण लोक विचारतात. बाजरीची भाकर, भात, वजडी, कोंबडीचे पंजे, दही, कधी अंडं. आपलं सालन नाही, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्यांना बाधतो. शिजवलेली हाडं नाहीत, फुटून आत टोचतात. ईदच्या दिवशी मुलं प्रेमाने शीरखुर्मा आणतात, त्यांना परत पाठवते. मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जाते. दोन वेळा थोडं थोडं, आणि खाल्ल्यावर तासभर धावपळ नाही. मोठ्या छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ बसतो आणि तो काही तासांत मरतो. पावसाळ्यात गोचीड. दर चार दिवसांनी कानामागे, बोटांच्या मधे हात फिरवून बघायचं. गोचीड ताप एकदा होऊन गेला आहे, हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, महिनाभर गोळ्या चालल्या. रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी, त्याचं कार्ड फाटकाजवळच्या कपाटात, कारण कोणीही कधीही मागतं.

मार्च २०२४ मध्ये तर फारच मागायला लागले. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं. २३ जातींचे कुत्रे माणसाला धोक्याचे, त्यांच्या विक्रीला आणि पैदाशीला परवाने देऊ नका, जे पाळलेले आहेत त्यांची नसबंदी करा. यादीत पिटबुल, रॉटवायलर, आणि कंगालही. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी फिरली, कंगालभोवती लाल गोल काढलेला. दुसऱ्या दिवशी तीन जण फाटकाशी. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलं म्हणून. पण रद्द झाल्याची बातमी ग्रुपवर कोणी टाकली नाही. शेरूची नसबंदी अब्बांनी आधीच केलेली होती, कार्ड होतं, फाटक साडेपाच फुटाचं होतं. मिस्टरांनी तिघांनाही खुर्च्या दिल्या आणि सगळं दाखवलं.

त्या तिघांना मी चूक म्हणणार नाही. ५५ किलोचं जनावर सुटलं तर लेकराचं काय होईल, ही भीती खोटी नाही. आमच्या मुस्लिम घरावर आणखी एक नजर असते, तीही आम्हाला ठाऊक आहे. दाढीवाल्याच्या दारात काळ्या तोंडाचा कुत्रा, याचा अर्थ बघणारा आपापल्या परीने लावतो. म्हणून फाटकाला दोन कड्या आहेत, आणि फिरवायला नेहमी मोठं माणूस, दुपदरी पट्ट्याने. माझा राग वेगळ्यांवर आहे. शहरात हल्ली पंचविशीची पोरं असले कुत्रे रीलसाठी आणतात. दोन हाताची साखळी, जिन्याखालची जागा, दिवसभर कोणी फिरकत नाही, संध्याकाळी बुलेटशेजारी उभा करून फोटो. राखणीच्या जातीला असं बांधून ठेवलं की तिची राखण सडते आणि चावरेपणा उरतो. मग तो कोणाला तरी फाडतो आणि यादीत जातीचं नाव येतं. बांधणाऱ्याचं येत नाही. दिवाळीनंतर मिटमिट्याकडच्या रानात धनगरांचे वाडे बसतात. त्यातल्या एका म्हाताऱ्याने शेरूला बघून मला विचारलं होतं, "बाई, याला काम काय देता?" इतक्या वर्षांत इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही.

काम नव्हतंच, खरं तर. घराची राखण तो करत होता, पण ते त्याचं मूळ काम नव्हे. ते २०२४ च्या बकरी ईदला कळलं. ईद १७ जूनला होती. मिस्टरांनी दहा दिवस आधी बकरा आणला आणि कडुलिंबाखाली बांधला. दीड वर्षापूर्वी कळप गेलेला कुत्रा उठून उभा राहिला. बकऱ्याला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं आणि त्याच्याजवळ बसला. त्या दहा दिवसांत शेरू उंबऱ्यावर आला नाही. बकरा बसला की तो पाठीला पाठ लावून बसायचा. भटकी कुत्री गल्लीत आली की बकरा आणि फाटक यांच्यामधे उभा. बकऱ्याने शिंगं मारली तरी मान वळवून घ्यायचा. अम्मी खुर्ची टाकून बघत बसायच्या. अब्बांचा गोठा त्यांनी दीड वर्षाने परत बघितला.

कसाई आदल्या दिवशी बकरा बघायला आला. शेरू भुंकला नाही. नुसता मधे जाऊन उभा राहिला, ओठ किंचित वर. कसाई जुना माणूस, तो फाटकातूनच म्हणाला, "इसको हटाओ, नहीं तो मैं नहीं आता."

कुर्बानीबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि या गोष्टीतून कोणी ती काढू नये. इब्राहीम अलैहिस्सलाम यांच्याकडून आवडतीच वस्तू मागितली होती. ज्याच्याशी काही नातं नाही ते देण्यात काय आहे? पण ते नातं आमचं होतं, आमच्या इराद्याचं. शेरूला कोणी विचारलेलं नव्हतं. त्याच्या लेखी त्याच्या ताब्यात दिलेलं जनावर होतं. रात्री मिस्टरांनी त्याला टेम्पोत घालून कन्नडला नेऊन ठेवलं. निघताना तो टेम्पोत चढेना. चौघांनी उचलला.

ईदच्या तिसऱ्या दिवशी तो परत आला. अंगण फिनाईलने धुतलेलं होतं. त्याने कडुलिंबाखाली जाऊन हुंगलं, मग कुंपणाला फेरी घातली, मग परत कडुलिंबाखाली. रात्रभर भुंकला. दुसऱ्या दिवशीही. शेजारच्यांनी काही म्हटलं नाही, ते मला लक्षात आहे. तिसऱ्या रात्री अम्मी फजरच्या आधी उठल्या, वुजूच्या आधी तो खुंटीवरचा कुर्ता अंगात घातला आणि बाहेर त्याच्याजवळ जाऊन बसल्या. हात लावला की नाही ते मी बघितलं नाही. नंतर नळाशी बराच वेळ त्यांचं पाणी वाजत होतं.

२०२५ मध्ये ७ जूनला ईद झाली. अम्मींनी महिनाभर आधीच सांगून टाकलं होतं, बकरा पडेगावला आणायचा नाही, कुर्बानी कन्नडला दिरांकडे. गोश्ताचा आमचा वाटा तिकडून डब्यात आला. सोबत दिरांनी वेगळी पिशवी बांधून दिली होती, शेरूसाठी. ताजी वजडी होती, त्याने आनंदाने खाल्ली असती, कुत्रा आहे तो. अम्मींनी पिशवी उघडून बघितली, परत गाठ मारली आणि मला म्हणाल्या, "ये किसी और को दे दे. उसके लिए बाजार से पंजे मँगा."